एका जुन्या औषधाचे नवे काम

सायप्रोहेप्टाडीन हे नाव सामान्य वाचकाच्या कानावरून फारसे गेलेले नसते. परंतु त्या नावाची गोळी किंवा गोड पातळ औषध भारतातील असंख्य घरांत केव्हा ना केव्हा येऊन गेलेले असते. मूल नीट जेवत नाही, खाल्लेले अंगी लागत नाही, अशी तक्रार आईने केली म्हणजे औषधाच्या दुकानातून जी भुकेची बाटली घरी येते, तीत पुष्कळदा हेच द्रव्य असते. मुळात ते अंगावर पित्त उठणे, नाक वाहणे, खाज सुटणे अशा तक्रारींवरील हिस्टामीनविरोधी औषध होय. अशा या साध्या व स्वस्त औषधाला वैद्यकाने गेल्या काही दशकांत एक गंभीर काम नेमून दिले आहे. मेंदूत व मज्जासंस्थेत सेरोटोनिन या द्रव्याचा अतिरेक झाला असता जी विषबाधा होते, तिच्यावरील उतारा म्हणून ते वापरले जाते. या उताऱ्याची योग्यता किती, त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा आणि पानिपतसारख्या जिल्ह्याच्या गावी त्याचा विचार का व्हावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

प्रथम सेरोटोनिन म्हणजे काय ते पाहू. आपल्या अन्नातील प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्यापासून शरीर स्वतःच सेरोटोनिन तयार करते. शरीरातील एकंदर सेरोटोनिनपैकी सुमारे नव्वद टक्के आतड्यात असते. काही रक्तातील बिंबाणूंत साठविलेले असते. आणि अगदी थोडा अंश मेंदूत असतो. हा थोडा अंशच झोप, भूक, मनाची वृत्ती, शरीराचे तापमान आणि स्नायूंचा ताण यांच्या नियमनात भाग घेतो. इटलीतील एर्स्पामेर यांनी १९३० नंतरच्या दशकात आतड्यातील या द्रव्याचा शोध घेतला होता. पुढे १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी ते रक्तातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. रक्तरसात सापडणारे व रक्तवाहिन्यांचा ताण वाढविणारे, म्हणून त्यास सेरोटोनिन हे नाव मिळाले. १९५३ साली ट्वारोग व पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखविले.

या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा गुंफलेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास करून तो १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. या रेसर्पिनमुळे पेशींतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो, असे १९५५ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले. मनाच्या स्थितीचा संबंध एखाद्या रासायनिक द्रव्याशी जोडता येईल, या कल्पनेला बळ देणाऱ्या पहिल्या काही पुराव्यांपैकी तो एक होता. मुंबईतील रुग्णशय्येजवळ सुरू झालेले निरीक्षण अशा रीतीने मेंदूच्या रसायनशास्त्रापर्यंत जाऊन पोहोचले.

सेरोटोनिन कमी पडले तर काय होते, या प्रश्नाने संशोधकांना जितके गुंतवून ठेवले, तितके ते अधिक झाले तर काय होते, या प्रश्नाने प्रारंभी ठेवले नाही. तथापि त्याचे उत्तर रुग्णालयांतून आपण होऊनच पुढे आले. १९५२ च्या सुमारास आयप्रोनायाझिड हे औषध क्षयरोग्यांस देण्यात येऊ लागले. ते घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. सेरोटोनिन व तत्सम द्रव्यांचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे एंझाइम या औषधामुळे अडविले जाते, असे त्याच वर्षी दिसून आले. नैराश्यावरील औषधांच्या एका शाखेचा जन्म येथे झाला. पण त्याबरोबरच एका संकटाचाही जन्म झाला. आयप्रोनायाझिड घेणाऱ्या एका क्षयरुग्णास पेथिडीन हे वेदनाशामक दिल्यानंतर त्याचा मृत्यू झाल्याची नोंद १९५५ साली प्रसिद्ध झाली. १९६० साली ओट्स व स्योर्ड्स्मा या संशोधकांनी अशा एंझाइमरोधक औषधांवर असलेल्या रुग्णांस ट्रिप्टोफॅन दिले असता त्यांना अस्वस्थता, घाम व स्नायूंचे झटके येतात, असे नोंदविले. दोन भिन्न वाटांनी सेरोटोनिन वाढविणारी दोन द्रव्ये एकत्र आली म्हणजे काय होते, याचा हा स्पष्ट इशारा होता.

इशारे पुस्तकांत राहतात आणि रुग्ण पुस्तकाबाहेर असतात. ४ मार्च १९८४ च्या रात्री न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची विद्यार्थिनी ताप आणि अस्वस्थता या कारणांनी दाखल झाली. ती फेनेल्झिन हे त्याच जातीचे नैराश्यविरोधी औषध घेत होती. तिला पेथिडीन देण्यात आले. अस्वस्थता वाढली तेव्हा तिला बांधून ठेवण्यात आले. ताप अतोनात चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मरण पावली. मृत्यूच्या नेमक्या कारणाबद्दल पुढे वाद झाले, तरी या दोन औषधांचा संयोग हे संभाव्य कारण मानले जाते. या प्रकरणामुळे न्यूयॉर्क राज्याने १९८९ साली शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ८० असे मर्यादित केले. थकलेल्या डॉक्टरांविषयीचा कायदा म्हणून ही घटना प्रसिद्ध झाली. औषधांच्या संयोगाचा जो धडा तिच्यात होता, तो मात्र तितकासा सर्वतोमुखी झाला नाही.

त्यानंतर काळ बदलला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीन या औषधास मान्यता मिळाली आणि त्याच्या मागोमाग सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम इत्यादी औषधे आली. मज्जापेशींनी बाहेर सोडलेले सेरोटोनिन पुन्हा आत घेतले जाऊ नये, अशी व्यवस्था ही औषधे करतात. जुन्या औषधांपेक्षा ती पुष्कळच निर्धोक आहेत, आणि नैराश्याने ग्रासलेल्या असंख्य माणसांस त्यांनी खरोखर आधार दिला आहे. या पुस्तिकेचे कोणतेही वाक्य वाचून कोणी आपले चालू औषध मनानेच बंद करू नये, हे येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. धोका उद्भवतो तो बहुधा मात्रा एकदम फार वाढल्यास किंवा दुसऱ्या एखाद्या द्रव्याशी गाठ पडल्यास. आणि अशी द्रव्ये नैराश्याच्या औषधांतच असतात असे नाही. ट्रॅमाडोल हे वेदनाशामक, खोकल्याच्या पातळ औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अर्धशिशीवरील काही औषधे, लिनेझोलिड हे जंतुविरोधी औषध, ही सर्व कमीअधिक प्रमाणात याच वाटेवरची आहेत.

विषबाधा झाली असता दिसणारी लक्षणे तीन गटांत मांडता येतात. मन अस्वस्थ होते, माणूस बेचैन व भ्रमिष्ट होतो. शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रिया बिघडतात. घाम सुटतो, नाडी जलद होते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, जुलाब होतात, ताप चढतो. आणि स्नायू ताळ्यावर राहत नाहीत. हातपाय कापतात, विशेषतः पाय ताठतात आणि झटके देऊ लागतात. हा तिसरा गट निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. डॉक्टरने रुग्णाचे पाऊल हातात धरून झटकन वरच्या बाजूस ढकलले असता ते लयीत थडथड उडू लागते. या लक्षणास वैद्यकात क्लोनस म्हणतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल येथील विषशास्त्रज्ञांनी औषधांची अतिमात्रा घेतलेल्या २,२२२ रुग्णांच्या नोंदी तपासून २००३ साली निदानाचे जे नियम बांधले, ते हंटर निकष म्हणून ओळखले जातात. त्यांत क्लोनसलाच मध्यवर्ती स्थान आहे. या निकषांनी खऱ्या रुग्णांपैकी शेकडा ८४ ओळखले जातात, आणि ज्यांना हा विकार नाही अशांपैकी शेकडा ९७ अचूक वगळले जातात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, रक्ताची कोणतीही तपासणी हे निदान करून देत नाही. रक्तातील सेरोटोनिन मोजून काही उपयोग होत नाही. रुग्णाने कोणती औषधे घेतली ही माहिती आणि डॉक्टरचे दोन हात, एवढ्यावरच निदान अवलंबून असते.

आता उताऱ्याकडे वळू. सायप्रोहेप्टाडीन हे औषध अमेरिकेतील मर्क या संस्थेच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ते हिस्टामीन व सेरोटोनिन या दोहोंचाही परिणाम रोखते, हे तेथील संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केले. म्हणजे सेरोटोनिनला विरोध हा त्याचा गुण जन्मापासूनच ज्ञात होता. पण लोकांत ते गाजले ते निराळ्याच कारणाने. दम्याच्या मुलांना ते देण्यात आले तेव्हा त्यांची भूक व वजन वाढल्याचे १९६२ साली आढळले, आणि भारतासारख्या देशात ते भुकेचे औषध म्हणून घरोघर पोहोचले. पुढे सेरोटोनिनच्या विषबाधेची प्रकरणे वाढू लागली, तेव्हा काही डॉक्टरांस या जुन्या औषधाचा दुसरा गुण आठवला. १९९४ साली अमेरिकेतील व १९९८ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी अशा रुग्णांस ते देऊन आराम पडल्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले.

त्याचे कार्य समजण्यास कुलूपकिल्लीची जुनी उपमा पुरेशी आहे. पेशीच्या पृष्ठभागावर सेरोटोनिनसाठी निरनिराळ्या प्रकारची कुलुपे असतात. त्यांस ग्राही म्हणतात. ताप आणि स्नायूंचा ताठरपणा यांस मुख्यतः ज्या एका प्रकारचे ग्राही कारणीभूत होतात, त्यांत सायप्रोहेप्टाडीन जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. सेरोटोनिनची किल्ली मग बाहेरच राहते. १९९७ साली टोरोंटो येथे दोन निरोगी माणसांच्या मेंदूची विशेष छायाचित्रे घेऊन असे दिसले की, दिवसाला १२ मिलिग्रॅम औषधाने या ग्राहींपैकी सुमारे ८५ टक्के, आणि १८ मिलिग्रॅमने सुमारे ९५ टक्के व्यापले जातात. माणसे केवळ दोन होती हे खरे. परंतु औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि इष्ट जागी बसते, एवढे त्यावरून निश्चित कळते. रुग्णालयात प्रौढास प्रथम १२ मिलिग्रॅम आणि पुढे गरजेप्रमाणे थोडथोडे देतात. ते टोचून देता येत नाही. शुद्ध हरपलेल्या रुग्णास गोळी कुटून नाकातून घातलेल्या नळीवाटे द्यावी लागते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अत्यंत अगत्याचे आहे. हिस्टामीनविरोधी औषधाने सेरोटोनिनची विषबाधा बरी होते, असे विधान केले तर ते अर्धसत्य ठरते, आणि अर्धसत्य येथे जिवावर बेतू शकते. सायप्रोहेप्टाडीनचा गुण त्याच्या हिस्टामीनविरोधात नाही. तो त्याच्या सेरोटोनिनविरोधात आहे. या वर्गातील इतर औषधांत तो गुण असेलच असे नाही, आणि काहींत तर उलट गुण आहे. सर्दीवरील क्लोरफेनिरामीन हे प्रसिद्ध औषध मज्जापेशींत सेरोटोनिन परत शिरण्यास अडथळा करते, म्हणजे त्याचा परिणाम वाढविण्याकडे त्याचा कल असतो. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी हिस्टामीनविरोधी औषधांचा हा गुण १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ओळखला. आणि पुढे ब्रोमफेनिरामीन या क्लोरफेनिरामीनच्या जवळच्या नातलगाच्या रेणूत फेरफार करून झिमेलिडीन हे नैराश्यविरोधी औषध सिद्ध झाले. सेरोटोनिन वाढविणारी औषधे आणि त्यावरील उतारा ही दोन्ही एकाच कुळाच्या शेजारशेजारच्या घरांतून निघाली, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या बाजारातील खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत क्लोरफेनिरामीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही दोन्ही एकत्र असतात. हिस्टामीनविरोधी औषध चालते असे ऐकून कोणी अशी बाटली रुग्णाच्या तोंडी लावली, तर तो आगीत तेल ओतील.

मग या उताऱ्याचा पुरावा कितपत भक्कम आहे? याचे प्रामाणिक उत्तर असे की, तो मध्यम प्रतीचा आहे. रुग्णांचे दोन गट पाडून, एकास औषध व दुसऱ्यास खोटी गोळी देऊन केलेल्या शास्त्रशुद्ध चाचणीचा आधार त्याला नाही. जे वृत्तांत आहेत ते एकेकट्या किंवा मूठभर रुग्णांचे आहेत. शिवाय कारणीभूत औषध बंद केल्यावर बहुतेक रुग्ण चोवीस तासांत आपोआपच सुधारतात. तेव्हा सुधारणेचे श्रेय गोळीचे किती आणि काळाचे किती, हे सांगणे कठीण होते. अशा स्थितीत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, पुरावा अपुरा असल्याने औषध देऊच नये. दुसरे असे की, उतारा हाती असल्यावर चिंता कशाची! ही दोन्ही मते त्याज्य होत.

पहिले मत त्याज्य अशासाठी की, चाचणी झालेली नाही याचा अर्थ औषध निरुपयोगी ठरले आहे, असा होत नाही. हा विकार तुलनेने विरळ, अचानक उद्भवणारा आणि थोड्या वेळात वळण घेणारा. त्याची मोठी चाचणी करणे दुर्घट आहे. औषधाच्या कार्याची दिशा ठाऊक आहे, मात्रा ठाऊक आहे, दुष्परिणाम बहुतांशी सौम्य आहेत आणि किंमत नाममात्र आहे. अशा औषधाबाबत व्यवहाराचा न्याय त्याच्या बाजूने पडतो. दुसरे मत त्याज्य अशासाठी की, या विकारात जीव वाचविणारी पहिली गोष्ट सायप्रोहेप्टाडीन नव्हेच. अपराधी औषध ओळखून ते तात्काळ थांबविणे ही पहिली गोष्ट. डायाझेपाम किंवा लोराझेपाम यांसारख्या औषधाने रुग्णास व त्याच्या स्नायूंस शांत करणे ही दुसरी. शिरेतून द्रव देणे आणि अंग बाहेरून थंड करणे ही तिसरी. येथला ताप स्नायूंच्या अखंड आकुंचनातून उत्पन्न होतो, म्हणून पॅरासिटॅमॉलने तो उतरत नाही. रुग्णास बांधून ठेवले तर तो अधिकच झगडतो आणि ताप वाढतो. ताप ४१ अंश सेल्सियसच्या वर गेला, तर रुग्णास बेशुद्ध करून, स्नायू पूर्ण शिथिल करून कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. त्या घटकेला गोळीच्या परिणामाची वाट पाहत बसणे म्हणजे घर जळत असता विहीर खणण्यासारखे होय.

सायप्रोहेप्टाडीनची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. ते तोंडाला कोरड आणते, लघवी तुंबविते आणि गुंगी आणते. धोतऱ्यासारख्या विषांनीही बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो, ताप येतो. पण त्या रुग्णाची त्वचा कोरडी असते आणि आतड्यांचा आवाज मंदावलेला असतो. सेरोटोनिनच्या रुग्णास घाम सुटलेला असतो आणि आतडी जोरात गुरगुरत असतात. हा भेद न करता पहिल्या रुग्णास सायप्रोहेप्टाडीन दिले, तर विषात विषाचीच भर पडेल. तात्पर्य, उताऱ्याचे मूल्य निदानाच्या मूल्याहून कधीच अधिक नसते.

हा सर्व विचार दिल्ली, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपुरताच आहे काय? मराठी भाषेत पानिपत हा शब्द १७६१ सालापासून दारुण पराभवाचा पर्याय होऊन बसला आहे. परंतु आजचे पानिपत हे दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, हमरस्त्याला लागून वसलेले एक उद्योगी जिल्ह्याचे ठिकाण आहे. हातमाग, चादरी, गालिचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा धंदा यांवर तेथील हजारो कुटुंबे जगतात, आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेले मजूर त्या कारखान्यांत राबतात. अशा एका काल्पनिक मजुराचे उदाहरण घेऊ. पाठदुखीसाठी त्याला कोणी ट्रॅमाडोल दिले आहे. झोप येत नाही व मन खचले आहे म्हणून दुसऱ्या डॉक्टरने सर्ट्रालीन दिले आहे. आणि तंतूंच्या धुळीने खोकला झाला म्हणून त्याने दुकानातून एक बाटली आणली आहे. तिघांपैकी कोणालाही उरलेल्या दोघांचा पत्ता नाही. जून महिन्याच्या दुपारी हा माणूस घामाने निथळत, बरळत, कापत जिल्ह्याच्या रुग्णालयात येतो. पाहणारा सहजच म्हणेल, ऊन लागले! त्या मोसमात ते निदान बहुधा खरेही असेल. परंतु त्याचे पाऊल वर ढकलून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ते थडथडू लागले तर सगळ्या उपचाराची दिशा बदलते.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्याचे घटक काल्पनिक नाहीत. ट्रॅमाडोलचा गैरवापर इतका वाढला की, भारत सरकारने एप्रिल २०१८ मध्ये त्यास अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. लिनेझोलिडची गोष्ट तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर चार औषधांचा जो सहा महिन्यांचा नवा उपचार सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने स्वीकारला, त्यातील एक औषध लिनेझोलिड हे आहे. आणि तेही मोनोअमाइन ऑक्सिडेझ या एंझाइमास काही अंशी अडविते. क्षयरोगाच्या औषधातून ज्या विषयाला १९५२ साली तोंड फुटले, तो सत्तर वर्षांनंतर क्षयरोगाच्याच औषधाच्या रूपाने पुन्हा दाराशी आला आहे. अकारण भीती मात्र बाळगू नये. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात वृद्ध रुग्णांची जी पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, तीत लिनेझोलिडमुळे हा विकार होण्याचे प्रमाण अत्यल्प आढळले. क्षयरोग्याचा उपचार या भीतीने थांबविणे हा मूर्खपणा ठरेल. त्याच्या इतर औषधांची नोंद ठेवणे, एवढाच शहाणपणा पुरे आहे.

यास्तव करावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डायाझेपामसारख्या औषधांच्या शेजारी सायप्रोहेप्टाडीनच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळ्यांची एक डबी ठेवलेली असावी. रस्त्यापलीकडच्या दुकानात ते औषध भुकेसाठी विकले जात असता आतल्या कपाटात उतारा म्हणून नसावे, ही विसंगती दूर करण्यास मोठा खर्च लागत नाही. तेथील डॉक्टर व परिचारिका यांना पावलाची ती परीक्षा हाताने करून दाखविली जावी. नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १९९५ पासून चालू आहे आणि ते दूरध्वनीवरून सल्ला देते. त्याचा क्रमांक त्या विभागाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. गंभीर रुग्णास मोठ्या ठिकाणी हलविताना त्याच्या औषधांची यादी त्याच्याबरोबर जावी, कारण वाटेत गेलेला वेळ परत मिळत नाही, पण दिलेली माहिती पुढच्या डॉक्टरचा वेळ वाचविते.

यातील सर्वांत मोलाचा भाग मात्र रुग्णालयाच्या बाहेरचा आहे, आणि तो प्रत्येक घराला करता येण्याजोगा आहे. डॉक्टरकडे जाताना आपण घेत असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. खोकल्याची बाटली हेही औषधच आहे आणि शेजाऱ्याने दिलेली वेदनेची गोळीही औषधच आहे, हे विसरू नये. मनाच्या विकारासाठी औषध चालू असल्याचे पुष्कळ जण लाजेने लपवितात. या लाजेइतका घातक घटक वर सांगितलेल्या कोणत्याही रसायनात नाही. मधुमेहाची गोळी सांगताना जो संकोच वाटत नाही, तो नैराश्याची गोळी सांगतानाही वाटू नये, अशी वृत्ती समाजात निर्माण करणे हे शाळांचे आणि ग्रंथालयांचेही काम आहे.

राहता राहिला प्रश्न घरातील त्या भुकेच्या बाटलीचा. ती उतारा म्हणून घरी वापरण्याचा मोह कोणीही धरू नये. हातपाय झटके देत आहेत, घाम फुटला आहे, ताप चढतो आहे आणि नुकतेच एखादे औषध सुरू केले किंवा वाढविले आहे, असे दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. या विकारात पुष्कळदा पहिल्या सहा तासांतच लक्षणे पुढे येतात आणि झपाट्याने वाढतात. सायप्रोहेप्टाडीनला त्याचा योग्य मान द्यावयाचा तर तो रुग्णालयाच्या कपाटात, निदान करणाऱ्या डॉक्टरच्या हाताशी द्यावा. एक जुने, स्वस्त, अर्धवट विसरलेले औषध साठ वर्षांनंतरही नव्या कामास येते, यात नवल वाटण्यासारखे आहे खरे. पण ते औषध कोणाला द्यावयाचे हे ओळखणारा माणूस जिल्ह्याच्या गावी असणे, ही त्याहून मोठी गरज आहे आणि ती पुरी करणे आपल्या हाती आहे.